पुण्याजवळचे, हॉर्न ऐकू न येणारे सायकलचे रस्ते

निवांत_पेडल | रविवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. पंचवीस वर्षांनी पुन्हा सायकल हातात घेतलेला माणूस आहे मी. शाळा-कॉलेज एका काळ्या सायकलवर काढलं, मग स्कूटर आली, मग चारचाकी आणि मग गुडघेदुखी. गेल्या दिवाळीत डॉक्टर म्हणाले, चाला नाहीतर सायकल चालवा. चालायचा मला पहिल्यापासून कंटाळा.

सुरुवात सगळे करतात तशीच सिंहगड रस्त्यानं केली. डोणज्यापर्यंत पोचेस्तोवर कान किटले. मागून येणारा प्रत्येक जण हॉर्न वाजवून मी आहे हे मलाच कळवत होता. एका सायकल ग्रुपबरोबरही दोनदा गेलो. तिथं सगळं बोलणं ॲव्हरेज स्पीडचं. एकानं मला विचारलं, "काका, तुमचा ॲव्हरेज काय?" म्हटलं, स्कूटरचा सांगू का?

आज मात्र एक रस्ता सापडला, म्हणून हा धागा. सकाळी सहाला कर्वेनगरातून निघालो. वारजे, शिवणे, उत्तमनगर, कोंढवे-धावडे. इथपर्यंत नेहमीचीच कटकट. त्यानंतर एनडीएची, म्हणजे लष्करी प्रबोधिनीची, हद्द धरून कुडज्याकडे वळलो आणि कोणीतरी रेडिओ बंद करावा तसं झालं. डावीकडे खडकवासल्याचं पाणी, उजवीकडे डोंगर, मधून बारीक डांबरी रस्ता. अगळंबे, कुडजे, मांडवी, सांगरुण. दीड तासात दोन दुधाच्या गाड्या, एक टेम्पो आणि शाळेच्या मैदानाकडे निघालेली पोरं भेटली. गंमत म्हणजे पाण्याच्या पलीकडच्या काठावरून पानशेत रस्ता जातो. तिथली हॉटेलं, गाड्यांच्या रांगा, कणसाच्या शेगड्यांचा धूर इकडून दिसतो. पाणी तेच आहे, पण एका काठावर जत्रा आणि दुसऱ्या काठावर खंड्या.

सांगरुणला मुठा, मोसे आणि आंबी या तिन्ही नद्या जवळ येतात. मी तिथं थांबलो ते आंबीसाठी. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं ते पाणी याच आंबीनं खाली आलं, खडकवासल्याला धडकलं आणि मग पुण्यात शिरलं. आमच्या जुन्या वाड्याच्या जिन्याशेजारी त्या पाण्याची खूण होती, आजी बोट लावून दाखवायची. तिचं पाणी कुठून आलं हे मी साठीला टेकताना पहिल्यांदा पाहिलं. नदी एवढीशी दिसते हो.

गेलो त्याच रस्त्यानं परत आलो. सगळं मिळून पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर.

तर प्रश्न असा, की असे आणखी रस्ते सांगा. गावं असावीत, गावात बघण्यासारखं काही जुनं असावं, चढ-उतार असले तरी चालतील पण जीव जाणारे घाट नकोत. ॲव्हरेज विचारणाऱ्यांनी कृपया दुसरीकडे जावं.


सदाफुली | रविवार, रात्री ९.५२

काका, तुम्हाला जे सापडलं त्याचं कारण सोपं आहे. तो रस्ता कुठेच जात नाही! म्हणजे गावांना जातो, पण त्यातून पुढे मुंबईला किंवा कोकणात कोणाला जायचं नसतं. मी गेली सहा वर्षं याच एका नियमावर फिरते. नकाशा उघडायचा आणि सह्याद्रीच्या भिंतीला जाऊन संपणारं खोरं शोधायचं. रस्ता संपतो म्हटल्यावर गाडीवाले येत नाहीत.

माझं आवडतं नाणे मावळ. पहाटेच्या लोणावळा लोकलनं कामशेत, तिथून नाणे, करंजगाव, गोवित्री आणि शेवटी जांभवली. बाजूनं कुंडलिका नदी असते. जांभवलीच्या पुढे कोंडेश्वराचं देऊळ, समोर ढाकचा डोंगर आणि रस्ता खलास. चढ आहेत पण लाटांसारखे, एक उतरला की पुढचा अर्धा आपोआप चढला जातो.

थोडी जास्त ताकद असेल तर शेजारचं आंदर मावळ. टाकवे बुद्रुकपासून ठोकळवाडी धरणाच्या कडेकडेनं खांडीपर्यंत. खांडीच्या पुढे कुसूर घाट. ही कोकणात उतरणारी जुनी पायवाट आहे, एकेकाळी लमाणांचे बैल मीठ घेऊन चढायचे तसल्या घाटांपैकी. सायकल तिथं गावात ठेवून काठापर्यंत चालत जावं. पलीकडे जमीन एकदम संपते.

लोकलबद्दल: सामानाच्या डब्यात चढायचं आणि सायकलचं लगेज तिकीट आधी काढायचं. गर्दीच्या वेळी जाऊ नये, दूधवाल्यांच्या कॅनशी भांडण होतं आणि ते जिंकतात.

एक बायकांसाठीचं लिहिते, कारण हे कोणी लिहीत नाही. या खोऱ्यांत स्वच्छतागृह मिळत नाही. मी सरळ एखाद्या घरी जाऊन विचारते, "मावशी, आत येऊ का?" आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. उलट चहा झाल्याशिवाय सोडत नाहीत. एका मावशींनी मला "एवढ्या लांबून सायकलीवर आलीस, घरी भांडण झालं का?" असं विचारलं होतं.


जुना_फ्रीव्हील | रविवार, रात्री १०.३०

पेडलराव, खडकवासल्याला गेलात तर एक गोष्ट पाहून ठेवा. १९०३ साली विश्वेश्वरय्यांनी आपले आपोआप उघडणारे दरवाजे पहिल्यांदा याच धरणावर बसवले. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढलं की दरवाजा स्वतःच उघडायचा, उतरलं की मिटायचा. माणूस नको, मोटर नको. सायकलवाल्यानं याला मान द्यावा, कारण आपलंही यंत्र वजनाच्या आणि तोलाच्या हिशोबावर चालतं.

आता कामाचं. शांत रस्त्यावर दुकान नसतं, हे विसरू नका. दोन ट्यूब जवळ ठेवा. पुरंदर-बारामतीकडे गेलात तर तीन, कारण बाभळीचे काटे. तुमच्या सायकलला प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल (बारीक, वरचा आटा सैल करायचा तो), तर गावातल्या पंपानं हवा भरता येत नाही. पितळेचा बोटाच्या पेराएवढा ॲडॅप्टर मिळतो, तो लावला की मोटरसायकलच्या पंक्चरवाल्याकडची हवा चालते. मी तो किल्लीच्या जुडग्यात ओवून ठेवलाय. एकदा नव्हता. तेव्हा सात किलोमीटर सायकल ढकलत नेली आणि वाटेत तीन जणांनी "पंक्चर का?" असं विचारलं. नाही हो, फिरायला आणलीय तिला.

वाऱ्याचं गणित: आपल्याकडे वर्षातला बराच काळ वारा पश्चिमेकडून, तोही दुपारी वाढणारा. म्हणून जाताना पश्चिमेला जावं, येताना तो पाठीशी. मावळ-मुळशीला हे आपोआप जमतं. पुरंदरला जाताना पंख फुटतात आणि परत येताना दिवे घाटाच्या माथ्यावर देव आठवतो.

टायर २५ मिलिमीटर रुंदीचे असतील तर ३२ चे घाला. बाकी कापडं काहीही घाला.


कऱ्हाकाठ | सोमवार, सकाळी ७.१५

पुरंदरचं नाव निघालंच आहे तर गाववाला बोलतो.

पुण्याची सायकलवाली मंडळी आमच्याकडं येतात ती दिवे घाटानं. तो रस्ता आता मोठ्ठा होतोय, डंपर, धूळ, सगळं आहे. त्या वाटेला जाऊ नका. आषाढात माउलींची पालखी त्या घाटानं चढते तेव्हा पायी या, तो सोहळाच वेगळा. सायकलनं यायचं तर कोंढवा-येवलेवाडीवरून बोपदेव घाट. चढ फार लांब नाही, पण शेवटची वळणं मोजायला लावतात. उजाडल्यावर चढा, अंधारात नको, तिथं आडोसा फार आहे. वर आलात की हवा बदलते. पुणं खाली राहतं आणि पठार सुरू होतं. भिवरी, मग चांबळी. इथून सासवड काही लांब नाही, पण सरळ जाऊ नका. गावात विचारून कोडीतकडं वळा. आचार्य अत्र्यांचा जन्म तिथला, १८९८ सालचा. म्हस्कोबाचं देऊळ आहे. माघात इथून पालखी वीरला जाते. कऱ्हा नदी तिकडं गराड्याच्या बाजूला उगम पावते. तिच्या काठाकाठानं सासवडला या.

सासवडात कऱ्हा आणि चांबळी नदीच्या संगमावर संगमेश्वर आहे. पायऱ्यांवर पाच मिनिटं बसा, पाय गार करा. पुढं पुरंदऱ्यांचा वाडा. वाडा म्हणायचं पण बुरूज बघितले तर किल्लाच. सोपानकाकांची समाधी इथंच. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ १७२० साली इथंच वारले.

सासवडवरून पुढं दोन वाटा. एक सोनोरीची. मल्हारगड बघा, महाराष्ट्रात बांधलेला शेवटचा किल्ला म्हणतात त्याला, १७५७ ते १७६० च्या दरम्यानचा, पानशांनी बांधलेला. पायथ्याच्या सोनोरीत पानशांचा वाडा आहे. किल्ला एवढासा की पोरं लपाछपी खेळून अर्ध्या तासात संपवतात.

दुसरी वाट वनपुरी, उदाचीवाडी, सिंगापूर, वाघापूर. होय, सिंगापूर. आमच्या तालुक्यात आहे. सायकलनं सिंगापूरला जाऊन आलो असं ऑफिसात बिनधास्त सांगा. वाघापूरवरून माळशिरस आणि वर भुलेश्वर. काळ्या दगडाचं यादवांच्या काळातलं देऊळ, आत स्त्रीरूपातला गणपती आहे, तो शोधा. सगळ्यांना दिसत नाही.

खायचं म्हणाल तर श्रावणापासून दिवाळीपर्यंत सीताफळं, थंडीत आणि पुन्हा उन्हाळ्यात अंजीर. रस्त्याकडेला बाया पाट्या घेऊन बसतात. घासाघीस करू नका. तीनशे रुपयांचं सॉक्स घालून आलेला माणूस वीस रुपयांसाठी भांडतो तेव्हा आम्हाला पण बघवत नाही.


पोहेप्रेमी | सोमवार, सकाळी ८.४०

माझ्याकडे गिअर नसलेली साधी सायकल आहे. यातलं काही जमेल का? की मी आपलं सारसबागेलाच चक्कर मारू?


जुना_फ्रीव्हील | सोमवार, सकाळी ९.०५

जमेल, पण उत्तर-पूर्वेला जा. सपाट आहे. आळंदीहून मरकळ, मरकळहून तुळापूर. मरकळला कारखाने आहेत, त्यामुळे आठवड्याच्या दिवशी ट्रक असतात. म्हणून रविवारी, आणि लवकर. तुळापूरला भीमा आणि इंद्रायणीचा संगम, संगमेश्वराचं देऊळ. संभाजी महाराजांच्या अखेरच्या दिवसांशी जोडलेली ही जागा (११ मार्च १६८९). तिथं गेल्यावर माणसं आपोआप हळू बोलतात.

गावाच्या नावाची गोष्ट वेगळी आहे. पूर्वी याचं नाव नांगरगाव. आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याला हत्तीच्या वजनाएवढं दान करायचं होतं. हत्ती तोलायचा कसा? शहाजीराजांनी युक्ती सांगितली म्हणतात: हत्ती नावेत चढवा, नाव किती बुडाली तिथं खूण करा, हत्ती उतरवून त्या खुणेपर्यंत दगड भरा आणि दगड तोला. म्हणून तुळापूर. कऱ्हाकाठ यांच्या भुलेश्वरावर दौलतमंगळ किल्ला बांधला तो हाच मुरार जगदेव. आणि त्याच्या आधी पुणं उद्ध्वस्त केलं तेही यानंच. म्हणजे एकाच माणसाची तीन कामं तीन दिशांना, आणि तिन्हीकडे सायकल जाते.


गप्प_बसा | सोमवार, दुपारी १.२०

सगळं छान चाललंय, पण एक सांगू का? हे धागे काढून तुम्ही लोक रस्ते मारता.

दहा वर्षांपूर्वी पवन मावळात मी एकटा असायचो. तुंग-तिकोन्याच्या मधला रस्ता, पवना धरणाचं पाणी, कोणी नाही. मग कोणीतरी फोटो टाकले. मग तंबूवाले आले. मग शनिवारी रात्री स्पीकर. आता पावसाळ्यातल्या रविवारी पवनानगरात सायकल हातात धरून चालावं लागतं. कासारसाईचं तेच झालं. शांत रस्ता सांगितला की तो शांत राहत नाही. माझ्याकडे चार रस्ते आहेत. मी ते कोणाला सांगणार नाही. मेलो तरी.


सदाफुली | सोमवार, दुपारी १.४५

तुम्ही पवन मावळाचं नाव घेतलंत की हो आत्ताच.

बाकी तुमचं दुखणं कळतं. पण स्पीकर सायकलवर येत नाही. तो चारचाकीच्या डिकीतून येतो. जिथं गाडी लावायला जागा आणि पाण्याकडे जायला उतार, तिथं तंबू. म्हणून मी धरणाच्या काठाचे रस्ते शनिवार-रविवार टाळते आणि भातखाचरांमधले धरते. भातखाचरात कोणी सेल्फी काढायला थांबत नाही, चिखलात बूट रुततात.


कऱ्हाकाठ | सोमवार, रात्री ८.३०

गप्प_बसा साहेब, तुमचं वाचून दिवसभर डोक्यात घोळत होतं. रागानं लिहीत नाही.

तुम्ही ज्याला शांत रस्ता म्हणता ना, त्याला आम्ही एसटी नसलेला रस्ता म्हणतो. माझी बहीण बारावीला सासवडला जायची. सकाळची गाडी चुकली की दुपारपर्यंत काही नाही, मग चालत. रात्री कोणाच्या छातीत दुखायला लागलं तर ज्याच्याकडं गाडी आहे त्याचं दार वाजवायचं. तुम्हाला दीड तासात दोन गाड्या भेटल्या याचा आनंद होतो. आम्ही त्या दोन गाड्यांची वाट बघत असतो.

आणि दुसरं. मी सकाळी वनपुरी-उदाचीवाडी सांगितलं. ते का सांगितलं ते लिहिलं नाही. पुरंदरच्या विमानतळासाठी सात गावं घेतलीत: वनपुरी, उदाचीवाडी, कुंभारवळण, एखतपूर, मुंजवडी, खानवडी, पारगाव. यातल्या खानवडीला महात्मा फुल्यांचं घराणं नांदलं. तिथून ते पुण्यात गेले, फुलांच्या धंद्यात पडले आणि आडनाव बदललं. मी लहानपणी त्या रस्त्यांवर सायकल शिकलो. वडलांची मोठी सायकल, मधून पाय घालून, कैची. तुम्ही म्हणता रस्ता सांगू नका, गर्दी होईल. तिथं धावपट्टी होणार आहे. त्याच्या आधी कोणीतरी येऊन बघून गेलं तर मला बरं वाटेल एवढंच.


गप्प_बसा | सोमवार, रात्री ९.०५

मान्य.

एक रस्ता सांगतो. चारातला एकच. राजगुरुनगरला हुतात्मा राजगुरूंचा वाडा बघून चासला जा. पहिल्या बाजीरावाची काशीबाई या चासची, जोशी-चासकरांची लेक. भीमेच्या काठी सोमेश्वराचं देऊळ आहे, घाट आहे. सकाळी घाटावर धुणं चालू असतं, बाकी काही नाही. दुसऱ्या एखाद्या रविवारी उलट दिशेला कनेरसरवरून पाबळला जा. तिथं मस्तानीची कबर आहे. चास एका बाजूला आणि पाबळ दुसऱ्या बाजूला, मधे राजगुरुनगर. दोन्ही एकाच दिवसात करता येतं, पण करू नका. का ते तिथं गेल्यावर कळेल. नाशिक महामार्गावरून सायकल चालवत राजगुरुनगरला जायचं नाही, गाडीच्या मागे सायकल बांधून जा. तो रस्ता जीव घेतो.


पोहेप्रेमी | मंगळवार, सकाळी ७.५०

कुत्र्यांचं काय करता? काल सरावाला म्हणून मरकळच्या रस्त्याला गेलो. तीन कुत्री मागे लागली. गिअर नसलेल्या सायकलनं आयुष्यातला सगळ्यात जास्त वेग गाठला.


सदाफुली | मंगळवार, सकाळी ८.१०

पळू नका. पळणाऱ्याच्या मागे पळणं हा त्यांचा धर्म आहे. उतरा, सायकल तुमच्या आणि त्यांच्या मधे धरा, आणि शांतपणे चालत हद्द ओलांडा. त्यांची हद्द साधारण चार घरांची असते. पुढच्या घराच्या कुत्र्यापाशी पुन्हा तेच. बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं तरी गोंधळतात. दगड उचलल्याचं नाटक खेड्यात चालतं, शहरातल्या कुत्र्यांना ते माहीत झालंय.


मोसेकाठ | मंगळवार, रात्री १०.१५

वाचनमात्र होते, राहवलं नाही म्हणून लिहिते. भोरचा विषय कोणीच काढला नाही. भोरहून आंबवडे. तिथं नदीवर संस्थानाच्या काळातला झुलता पूल, खाली नागेश्वराचं झाडीतलं देऊळ. कान्होजी जेध्यांची समाधी तिथंच, आणि पुढं कारी गावात त्यांचा वाडा. ही सगळी रायरेश्वराच्या कुशीतली गावं. पुण्याहून सायकलनं भोर म्हणजे सातारा महामार्ग आला, म्हणून तेही गप्प_बसांच्या पद्धतीनं गाडीला बांधून.

आणि पावसाळ्याबद्दल एक. जुलैत भाताच्या चिखलणीचे दिवस असतात. ट्रॅक्टरला लोखंडी चाकं लावलेली असतात, त्यांना डकलेला चिखल वळणावर डांबरावर पडतो आणि साबणासारखा होतो. माझं मनगट असंच गेलं होतं, मागच्या वर्षी, उतारावर. ट्रॅक्टरवाल्याची चूक नाही, रस्ता त्यांचा आहे, काम त्यांचं आहे. आपण ब्रेक वळणाच्या आधी दाबायचा, वळणात नाही. प्लास्टर घालून दीड महिना बसले तेव्हा हे नीट पाठ झालं.


जुना_फ्रीव्हील | बुधवार, सकाळी ६.४०

मोसेकाठ, अगदी बरोबर. तसंच नोव्हेंबरनंतर दौंड-बारामतीकडे उसाच्या ट्रॉल्या. मागे दिवा नसतो आणि दोन जोडलेल्या असतात, ओव्हरटेक करायला घेतलं की दुसरी दिसते.

रस्ते एकूण सुधारलेत हे मात्र म्हणायला हवं. या जानेवारीत २०२६ ची पुणे ग्रँड टूर झाली, परदेशी सायकलपटू मुळशी-मावळ-पुरंदरमधून पळाले, त्याच्या आधी ग्रामीण भागातलं बरंच डांबरीकरण झालं. ते ज्या रस्त्यावरून गेले तिथं तासाभरानं मी गेलो होतो. गावातली एक आजी मला म्हणाली, "तू मागं पडलास व्हय रं?"


निवांत_पेडल | रविवार, सायंकाळी ६.३०

जाऊन आलो.

बोपदेवाला दोनदा उतरून ढकलली, लाज नाही वाटली. कोडीतमार्गे सासवडला साडेनऊला पोचलो, संगमावर पाय गार केले, कऱ्हेला पाणी होतं. परतीला बघायचा म्हणून ठेवलेला पुरंदऱ्यांचा वाडा राहिला, कारण कुंभारवळण-खानवडीच्या रस्त्याला लागलो आणि वेळेचं भान गेलं. उघडा माळ, मधे मधे अंजिराच्या बागा, विहिरी, दूरवर जेजुरीकडचा डोंगर. उदाचीवाडीच्या अलीकडे एक गृहस्थ बांधावर आंब्याची रोपं लावत होते. मी थांबलो. विचारू की नको असं करत विचारलंच, की जमीन जाणार आहे ना, मग रोपं?

म्हणाले, "जाईल तवा जाईल. पाऊस तर आत्ता पडलाय."

पाणी दिलं प्यायला. माझ्या सायकलचं टायर दाबून बघितलं आणि हवा कमी आहे म्हणाले. खरंच कमी होती. त्यांच्या पोरानं मोटरसायकलचा पंप आणला, आणि फ्रीव्हील साहेब, तुमचा तो ॲडॅप्टर मी घरी टेबलावर विसरलो होतो. शेवटी होती तेवढ्या हवेवर हळूहळू सिंगापूरपर्यंत गेलो. पाटीसमोर फोटो काढलाय, सोमवारी ऑफिसात दाखवणार.

कऱ्हाकाठ, तुमचं घर नेमकं कुठलं ते विचारायचं राहिलं.


कऱ्हाकाठ | रविवार, सायंकाळी ७.१०

तुम्ही पाणी प्यायलात तिथून दोन बांध पलीकडं. ते आमचे चुलते. मला फोन आला होता, "एक म्हातारा सायकलवाला आला होता, हवा नव्हती त्याच्याकडं" म्हणून.

पुढच्या वेळी भुलेश्वर राहिलाय तो करू. मी पण येतो, वडलांची सायकल अजून आहे. पुरंदऱ्यांचा वाडा पण जाता जाता होईल.


सदाफुली | रविवार, सायंकाळी ७.२५

त्याच्या आधी येत्या रविवारी जांभवली. पहिली लोकल, शिवाजीनगर स्टेशन, सामानाचा डबा. ॲडॅप्टर किल्लीला बांधून आणणे. पोहेप्रेमींनी गिअरशिवाय यायचं असेल तर यावं, चढाला आम्ही थांबू, कामशेतला पोहे मिळतात.


पोहेप्रेमी | रविवार, सायंकाळी ७.२६

आलो.